नौदलाची भरती आणि आपली मुले

(भिलाई येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या सभेसारखा नाही. आज बोनस नाही, रोस्टर नाही, क्वार्टरच्या गळक्या छताची तक्रार नाही. गेली काही वर्षे युनियनच्या ऑफिसात साथी बदलीचे, चार्जशीटचे काम घेऊन येतात. काम झाले की उठत नाहीत. खुर्ची जवळ ओढतात आणि हळूच विचारतात, "सचिवसाहेब, पोरगा बारावी झाला. नेव्हीत जातो म्हणतो. पाठवू का?" हल्ली हाच प्रश्न पोरीबद्दलही येतो. एकेकाला एकेक उत्तर देत बसण्यापेक्षा सर्वांसमोर एकदा नीट बोलावे, असे आम्ही ठरवले.

आम्ही नौदलात नोकरी केलेली नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत लागलो. पण सेवाशर्ती कशा वाचायच्या, मोठ्या अक्षरातला आकडा कोणता आणि बारीक अक्षरातला कोणता, एवढे या चळवळीने आम्हाला शिकवले आहे. वर्दीची नोकरी असली तरी ती नोकरीच आहे. तिला पगार आहे, कपात आहे, रजा आहे, शेवट आहे. त्या नजरेने आज आपण तिच्याकडे पाहू.

भिलाई आणि समुद्र

कोणी म्हणेल, आपण राहतो छत्तीसगडात, भोवताली चहूबाजूंनी जमीन. आपल्या पोरांना समुद्राचे वेड कुठून लागले? पण समुद्राशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. विशाखापट्टणम बंदरात उतरलेला परदेशी कोळसा टिटलागड-रायपूरच्या मार्गाने भिलाईच्या भट्ट्यांपर्यंत येतो, तो आपल्याच डब्यांतून येतो. त्याच विशाखापट्टणमला नौदलाच्या पूर्व कमांडचे मुख्यालय आहे. आपल्याकडून रूळ आणि प्लेटी बाहेर जातात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिला सुमारे ३०,००० टन खास पोलाद लागले. ते स्टील अथॉरिटीच्या बोकारो, भिलाई आणि राउरकेला या कारखान्यांतून गेले. म्हणजे त्या जहाजात इथल्या कामगाराचा घाम आहे, आणि ते पोलाद वाहून नेणाऱ्या रेल्वे कामगाराचाही आहे.

टपालातील साथींना तर हे आणखी जवळचे. जहाज आज कुठे आहे हे घरच्यांना कळत नाही, तरी पत्र पोचते. मुंबईचे किंवा विशाखापट्टणमचे फ्लीट मेल ऑफिस असा पत्ता असलेली पत्रे आपल्यापैकी कित्येकांच्या हातांखालून गेलेली आहेत.

तेव्हा पोरगा समुद्रावर जातो म्हणाला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. आणि नुसते छाती फुगवून "जा बाळा" म्हणण्यासारखेही नाही. आधी कागद वाचू.

पूर्वीची नोकरी आणि आताची

पूर्वी बारावीनंतर नौसैनिक म्हणून भरती झालेल्या मुलाची पहिली नेमणूकच १५ वर्षांची असे. अठराव्या वर्षी गेला तर तेहतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन बाहेर येई, किंवा मुदत वाढवून पुढे राही. सातव्या वेतन आयोगानंतर त्याचे मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होई, त्यावर ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन, वर महागाई भत्ता. बाहेर आल्यावर माजी सैनिक म्हणून केंद्राच्या नोकऱ्यांत राखीव जागा असत. आपल्या शेडमध्ये, सॉर्टिंगमध्ये असे माजी नौसैनिक आपण पाहिले आहेत. वेळेचे पक्के, हत्यार जागच्या जागी ठेवणारे, आणि घरी पेन्शन येत असल्यामुळे साहेबाला न घाबरणारे. त्यांच्याकडे बघूनच आपल्या मुलांनी हे स्वप्न घेतले आहे.

पण ती नोकरी आता नव्या मुलाला मिळत नाही. १४ जून २०२२ रोजी सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून खालच्या पदांवरची भरती अग्निवीर म्हणून होते. योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस होती. मुदत चार वर्षे. चार वर्षांनंतर, योजना जाहीर झाली त्या वेळच्या शर्तींप्रमाणे, तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम सेवेत घेतले जाते. बाकीचे घरी.

नौदलात याचे दोन मुख्य दरवाजे आहेत. एक एसएसआर, त्याला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बारावी लागते. दुसरा एमआर, त्याला दहावी पुरते. त्यात स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि सफाई-आरोग्य ही कामे येतात. दोन्ही प्रवेशांचे पहिले प्रशिक्षण ओडिशात, खुर्दा जिल्ह्यात चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या आयएनएस चिल्का येथे होते. ते १६ आठवड्यांचे. पुढे कामाप्रमाणे मुले वेगवेगळ्या ठिकाणी जातात. इंजिनाचे काम शिकायला आपल्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे, विजेच्या कामाला जामनगरला आयएनएस वलसुरा, भांडार आणि स्वयंपाकघराच्या कामाला मुंबईत मालाड-मार्व्याला आयएनएस हमला.

अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्याहून बाहेर पडली. अडीच हजारांवर मुले होती, आणि त्यांत २७३ मुली होत्या. नौसैनिक म्हणून मुलींना घेण्याची ही पहिलीच वेळ. या गोष्टीचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. ज्या घरात मुलगी आहे, तिथेही हा कागद तितक्याच लक्षपूर्वक वाचला पाहिजे.

आकड्यांचा हिशोब

आता खडू घ्या आणि हिशोब मांडा. जाहीर झालेले आकडे असे आहेत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून 'सेवा निधी' नावाच्या फंडात जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात येतात २१,००० आणि शेवटच्या वर्षी २८,०००. जेवण, राहणे, कपडे सरकारचे. त्यामुळे मुलाने मनात आणले तर घरी पैसे पाठवू शकतो, हे खरे आहे.

चार वर्षांत त्याच्या पगारातून कापले जातात ५,०२,२०० रुपये. तेवढेच सरकार घालते. झाले १० लाख ४ हजारांवर. व्याज धरून योजना जाहीर करताना ११ लाख ७१ हजारांचा आकडा सांगितला गेला. त्यावर आयकर नाही. भरतीच्या प्रत्येक पत्रकात हा आकडा मोठ्या टाईपात असतो. त्यातला अर्धा भाग मुलाच्याच पगारातला आहे, हे मात्र घरोघरी कळलेले नाही.

पुढचे ऐका. ग्रॅच्युइटी नाही. पेन्शन नाही. चार वर्षे करून बाहेर पडलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कँटीन नाही. सेवेत असताना औषधपाणी आणि कँटीन आहे, वर्षाला ३० दिवसांची रजा आहे. भरतीच्या वेळी उमेदवार अविवाहित असला पाहिजे आणि चार वर्षांत लग्न करता येत नाही. अगदी अपवाद सोडला तर मधेच स्वतःहून सोडून येता येत नाही.

सेवेत मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता मुलाकडून घेत नाहीत. मृत्यू सेवेच्या कारणाने झाला तर आणखी ४४ लाख. सेवेमुळे अपंगत्व आले तर ५०, ७५ किंवा १०० टक्के अशा प्रमाणात १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी. हे आकडे लहान नाहीत. पण कायम सैनिकाच्या विधवेला आणि आईबापांना जे कुटुंब निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे मिळते, ते इथे नाही.

आता कोणी म्हणेल, बावीस वर्षांच्या पोराला एकदम अकरा लाख म्हणजे काय कमी झाले? याचे उत्तर आपल्या टपालातल्या साथींना विचारा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर जास्तीत जास्त ९ लाख ठेवता येतात, ही मर्यादा एप्रिल २०२३ पासूनची. ७.४ टक्के दराने त्याचे महिन्याला होतात ५,५५० रुपये. महागाई वाढली तरी ५,५५०. वरचे दोनेक लाख हातात. आणि प्रत्यक्षात काय होते? बहिणीचे लग्न, गावाकडच्या घराचा स्लॅब, एखादी मोटरसायकल. दोन वर्षांत पासबुक रिकामे. आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. कामगाराच्या घरात पैसा आला की त्याला आधीच चार वाटा ठरलेल्या असतात.

सरकारचे म्हणणे असे की फौज तरुण राहिली पाहिजे आणि पेन्शनचा बोजा आटोक्यात आला पाहिजे. फौज तरुण असावी हे आम्हालाही पटते. पण पेन्शनला 'बोजा' म्हणायची भाषा आपण फार वर्षांपासून ऐकतो आहोत. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यात रेल्वे आली, टपाल आले. सैन्यदले तेवढी वगळली होती. पुढे आपल्या रेट्यामुळे १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला, त्यावरचे आपले म्हणणे आपण वेगळे मांडतोच आहोत. पण २००४ मध्ये जी सैन्यदले वगळली गेली होती, त्यांच्याही खालच्या पायरीवरून २०२२ मध्ये पेन्शन काढली गेली. एका खात्यातली सवलत गेली की दुसऱ्याची जायला वेळ लागत नाही.

ज्यांनी हा प्रश्न आधी विचारला

साथींनो, नौदलात गेलेल्या शिकल्यासवरल्या पोरांचे पुढे काय, हा प्रश्न नवा नाही. आपल्या मुंबईत हा प्रश्न १९४६ मध्ये तोफांच्या तोंडी उभा राहिला होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या वेळच्या हिंदी नौदलात दीडेक हजार नौसैनिक होते. युद्ध संपेपर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. सिग्नलच्या आणि वायरलेसच्या कामाला लिहितावाचता येणारी पोरे हवी होती. शाळा सोडलेली, मॅट्रिकपर्यंत पोचलेली पोरे देशाच्या सगळ्या भागांतून गेली. त्यांना चांगला पगार, चांगले जेवण, शिक्षण आणि युद्धानंतर भविष्य, अशी आशा दाखवली होती. प्रत्यक्षात जेवण वाईट, गोऱ्या सैनिकांपेक्षा पगार कमी, वागणूक अपमानाची. आणि युद्ध संपल्यावर घरी जा.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी सकाळचे जेवण नाकारले. बी. सी. दत्त या वायरलेसवाल्या तरुणाला भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल त्याआधीच पकडले होते. कमांडर किंग हा अधिकारी पोरांना आईबापांवरून शिव्या देत असे. दुसऱ्या दिवशी संप समिती निवडली गेली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. बघता बघता ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नौसैनिक संपात आले.

त्यांच्या मागण्या काय होत्या, ते नीट ऐका. आझाद हिंद फौजेचे आणि इतर राजकीय कैदी सोडा. इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा. शिवीगाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. जेवण सुधारा, गोऱ्या नौसैनिकांएवढा पगार द्या. आणि त्यांतच आणखी एक मागणी होती: ज्यांना नौदलातून मोकळे करायचे आहे त्यांना क्रमवार मोकळे करा, आणि त्यांच्या पुढच्या नोकरीची सोय करा. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याची मागणी करतानाही त्या पोरांना कळत होते की उद्या घरी गेल्यावर चूल पेटली पाहिजे.

२२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला. गिरण्या बंद, कारखाने बंद, लाखो कामगारांनी काम टाकले. पोलीस आणि लष्कराने गोळीबार केला. परळला कमल दोंदे ही महिला कार्यकर्ती गोळी लागून गेली. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यातली बहुतेक कधी बोटीवर चढलेली नव्हती. ती नौसैनिकांची नातेवाईकही नव्हती. गिरणीतली, गोदीतली, चाळीतली माणसे होती.

२३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्याने संप समितीने संप मागे घेतला. सूड उगवला जाणार नाही यासाठी प्रयत्न करू, असे आश्वासन होते. पण शेकडो पोरांना नौदलातून काढले गेले. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला. काढलेल्या नौसैनिकांना भारताच्या नौदलाने परत घेतले नाही आणि पाकिस्तानच्याही नौदलाने घेतले नाही. कोणी कारकुनी केली, कोणी मिळेल ते काम. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांची दखल घ्यायला पुढे कित्येक वर्षे लागली. आज कुलाब्याला त्यांचे स्मारक आहे. स्मारक झाले ते योग्यच झाले, पण त्या पोरांची नोकरी गेली ती गेलीच.

याच्या शेजारी आपला इतिहास ठेवून पहा. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप झाला. वीस दिवस चालला. हजारो साथी तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले. इथे बसलेल्या कित्येकांच्या घरात ती आठवण आहे. पण १९७७ मध्ये सरकार बदलले, आपले कोकणचे मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ साथींना कामावर परत घेतले गेले. दोन्हीकडे पोटासाठी आणि मानासाठी लढलेली माणसे होती. रेल्वेवाल्यांच्या पाठीशी तीन वर्षे त्यांची नावे मोजत बसलेली, मोर्चे काढणारी, खटले चालवणारी संघटना होती. नौसैनिकांच्या पाठीशी २३ फेब्रुवारीनंतर कोणीच उरले नाही.

हे आम्ही का सांगतो? आजच्या नौसैनिकाला युनियन काढता येत नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला तसा कायदा करण्याचा अधिकार दिला आहे आणि १९५७ च्या नौदल कायद्यात तशी मनाई आहे. सैन्यात शिस्त लागते, ती मनाई आम्ही समजू शकतो. बोटीवर कोणी घोषणा द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी त्याच्या घरच्यांनी बोलायचे असते. आणि त्याचे घरचे म्हणजे आपणच आहोत.

घरात काय करावे

आता आईवडिलांसाठी आणि मुलांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, दहावीवर घाई करू नका. दहावीच्या दरवाजातून गेलेल्या आणि बारावीच्या दरवाजातून गेलेल्या अग्निवीराचा पगार सारखाच आहे. पण चार वर्षांनी बाहेर येताना हातात कोणते काम घेऊन येतो, यात फार फरक आहे. इंजिन, वीज, रडार यांचे काम शिकलेल्याला बाहेर कारखान्यात विचारतात. स्वयंपाकाचे काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही, दीडशे माणसांना डोलत्या बोटीवर वेळेवर जेवू घालणे सोपे नाही. पण ज्याला गणित जमते त्याने दोन वर्षे थांबून गणितच करावे.

बारावी गणित-भौतिकशास्त्र घेऊन चांगली झाली तर अधिकारी होण्याचे दरवाजेही उघडे आहेत. खडकवासल्याची एनडीए आहे. जेईई मेनच्या गुणांवर केरळमधल्या एझिमला येथील नौदल अकादमीत बी.टेक.साठी घेतात. एनडीएत २०२२ पासून मुलीही जातात, मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. ट्रॅकमनच्या पोराने अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची नाही, असे कुठल्या नियमात लिहिलेले नाही. आपल्या घरात ही माहितीच पोचत नाही, म्हणून मुले पहिल्या दिसलेल्या दाराने आत शिरतात.

दुसरी गोष्ट, फॉर्म भरण्याआधी डोळे, कान, दात तपासा. रंगआंधळेपणा आहे का ते बघा. रनिंग स्टाफला हे सांगायला नको. सिग्नलचा रंग ओळखता आला नाही तर ए-वन मेडिकलमध्ये काय होते, ते आपण जाणतो. पोरगा वर्षभर पहाटे मैदानावर साडेसहा मिनिटांत १.६ किलोमीटर धावायचा सराव करतो आणि मेडिकलला बाहेर पडतो. ही तपासणी आधी झाली असती तर वर्ष वाचले असते. अंगावर गोंदवून घ्यायची हल्ली फॅशन आहे, तीही महागात पडते.

तिसरी गोष्ट, कोणालाही पैसे देऊ नका. अर्ज नौदलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्याची जी फी असेल ती तिथेच भरायची असते. आमच्या माहितीच्या एका घरी "चिल्क्यापर्यंत ओळख आहे" म्हणणाऱ्या एका माणसाने सोसायटीचे कर्ज काढायला लावले. मुलगा लेखी परीक्षेतच राहिला, माणूस गायब झाला, आणि हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जात राहिले. सराव करायला मैदान फुकट आहे आणि गणिताला शाळेतले गुरुजी आहेत.

चौथी गोष्ट, त्या चार वर्षांत शिक्षण सोडू देऊ नका. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला मुक्त विद्यालयाकडून बारावीचे प्रमाणपत्र मिळवायची सोय योजनेबरोबरच जाहीर झाली. इग्नूनेही त्यांच्यासाठी पदवीचा अभ्यासक्रम आखला, त्यात सेवेतल्या प्रशिक्षणाचे गुण निम्म्यापर्यंत धरले जातात. रजेवर पोरगा आला की मटणाचा बेत जरूर करा, पण नाव नोंदवले का, परीक्षा दिली का, हेही विचारा. सेवा निधीचा धनादेश आला तर वर्षभर त्याला हात लावू नका. आधी पोरगा कामाला लागू द्या.

आणि शेवटची गोष्ट मुलांना सांगतो. बाळांनो, बोटीवर चार-चार तासांच्या पाळ्या असतात, त्यांना 'वॉच' म्हणतात. रात्री दोनला उठून कामावर जायचे म्हणजे काय, ते तुमच्या बाबांना विचारा. रनिंग रूमला आलेला कॉल आणि बोटीवरचा वॉच यात फारसा फरक नाही. फरक एवढाच की गाडी दुसऱ्या दिवशी घराकडे वळते, बोट महिना-महिना वळत नाही. हे झेपेल असे वाटत असेल तर जरूर जा. चांगले काम आहे, मानाचे काम आहे. पण मित्र जातो म्हणून जाऊ नका, आणि घरात भाऊबंदांशी भांडण झाले म्हणून तर मुळीच जाऊ नका.

संघटनेने काय करावे

नौदलातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये चिल्क्याला दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांची, शिस्तीत वाढलेली, काम शिकलेली मुले आपल्या वस्त्यांत परत येणार. जून २०२२ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के राखीव जागांची घोषणा झाली, आणखीही घोषणा झाल्या. घोषणा किती अमलात येतात, हे मोजणे आपले काम आहे.

इथे आपल्याच लोकांना एक स्पष्ट सांगायचे आहे. काही साथी म्हणतात, हे लोक आले की आपल्या पोरांच्या जागा जातील. अहो, ते आपलेच पोर आहे. जागा माजी सैनिकामुळे कमी होत नाहीत. जागा रिकाम्या ठेवल्या जातात आणि मग कंत्राटावर भरल्या जातात, त्यामुळे त्या कमी होतात. फाटकवाला म्हणून माजी सैनिक कंत्राटी पगारावर उभा केलेला आपण पाहिला आहे. पेन्शनवाला माजी सैनिक त्या पगारात कसातरी भागवून नेतो. ज्याला पेन्शनच नाही त्याने त्याच पगारात संसार कसा करायचा? आणि त्याला स्वस्तात उभा केला की शेजारच्या कायम गेटमनची जागाही उद्या तशीच भरतील. म्हणून त्याच्या कायम नोकरीची मागणी ही आपल्या कायम नोकरीचीच मागणी आहे.

तेव्हा आमच्या शाखेच्या वतीने आम्ही या सभेपुढे चार मागण्या ठेवतो. एक, ज्यांना पुढे राहायचे आहे आणि जे कामाला योग्य ठरले आहेत अशा अग्निवीरांना कायम करण्याचे प्रमाण वाढवावे. दोन, बाहेर पडलेल्यांना रेल्वे आणि टपालात कायम पदांवर घ्यावे, कंत्राटावर नव्हे, आणि चार वर्षांची सेवा पुढच्या नोकरीत पेन्शनसाठी धरावी. तीन, सेवेत अपंगत्व आलेल्याला एकरकमी रकमेबरोबर आयुष्यभर उपचार आणि दरमहा निवृत्तिवेतन मिळावे, आणि मृताच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे. चार, भरतीच्या जाहिरातीत सेवा निधीच्या आकड्याशेजारीच, तेवढ्याच टाईपात, 'यातला अर्धा तुमच्या पगारातून' आणि 'पेन्शन नाही' असे छापावे. ही शेवटची मागणी ऐकून काहींना हसू येईल. पण अठरा वर्षांच्या पोराची सही घेताना त्याला पूर्ण कागद दाखवणे, एवढी साधी गोष्ट आम्ही मागतो आहोत.

ठराव आपण करू आणि तो वर पाठवू. पण ठराव पाठवून भागत नाही. आजपासून युनियनच्या ऑफिसात एक वही ठेवली आहे. दुर्ग, भिलाई, चरोदा भागातल्या आपल्या कोणत्याही रेल्वे वा टपाल कामगाराचा मुलगा, मुलगी अग्निवीर म्हणून गेली असेल, मग ती नौदलात असो की सैन्यात, तर नाव, दाखल झाल्याची तारीख आणि सुटण्याची तारीख त्यात लिहा. १९७४ ची यादी आपल्या ज्येष्ठांनी अशाच वहीत ठेवली होती, म्हणून १९७७ मध्ये एकही नाव सुटले नाही. सुटण्याच्या तारखेच्या सहा महिने आधी आम्ही त्या घरी येऊ. कोणती भरती निघाली आहे, कोणते कागद लागतात, कुठे अर्ज करायचा, हे बसून बघू. ज्येष्ठ माजी नौसैनिक साथींनी या कामाला रविवारचे दोन तास द्यावेत, अशी त्यांना विनंती आहे.

वही टेबलावर आहे, पेन बांधून ठेवले आहे. जाण्यापूर्वी नावे लिहून जावे. 

कामगार एकजुटीचा विजय असो!